घड्याळाच्या नावाचा धान

बी. ए.च्या शेवटच्या वर्षाचा तास संपत आला होता. आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराविषयी बोलत होतो आणि नेहमीप्रमाणे शेवटची पाच मिनिटे प्रश्नांसाठी राखून ठेवली होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याने प्रमाण मराठी जुळवायचा प्रयत्न केला, मग तो नाद सोडून दिला आणि सरळ विचारले, "सर, तुमाले का बनाचं होतं?"

वर्ग हसला, मीही हसलो. काहीतरी ठरावीक उत्तर देऊन वेळ निभावली. पण घरी येईपर्यंत त्या वाक्यातला भूतकाळ माझ्या सोबत चालत होता. मुलाच्या मनात खोच नव्हती. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला 'काय व्हायचे आहे' असे कोणी विचारीत नाही, एवढेच त्याला ठाऊक होते.

मला काय व्हायचे होते ते मला नेमके आठवते. मला समीक्षक व्हायचे होते. आज हे लिहितानाही थोडे हसू येते, कारण सिंदेवाहीच्या आसपासच्या खेड्यात, अडीच एकर धानाच्या बांध्यांवर जगणाऱ्या घरातल्या मुलाने बाळगावी अशी ही आकांक्षा नव्हे. आमच्याकडची हुशार मुले तलाठी, मास्तर, फार झाले तर फॉरेस्टर होण्याची स्वप्ने पाहत. नागभीड आणि मूल यांच्या मधोमध, रेल्वेच्या एका रुळावर आणि चहूबाजूंच्या जंगलात वसलेले हे गाव. पावसाळ्यात रोवणा, दिवाळीनंतर कापणी, आणि धान घरात आला की मंडई, दिवसा शंकरपट, रात्रभर नाटक. नागपूरला जायचे तर नागभीडला उतरून इतवारीची छोटी गाडी धरावी लागे. 2019 साली ती नॅरोगेज गाडी रुंदीकरणासाठी बंद झाली. 1987 साली त्याच गाडीत लोखंडी पेटी पायाखाली घेऊन मी पहिल्यांदा शहराकडे निघालो, तेव्हा गाडीच्या वेगावरून मला आयुष्याचा वेग समजून घ्यायला हवा होता.

नागपुरात एम. ए. झाले, मग आणखी मोठ्या शहरात संशोधनाला गेलो. वसतिगृहात 'कोसला' तेव्हा जवळजवळ प्रत्येकाच्या उशाशी असे. 1963 साली आलेल्या त्या कादंबरीतला नायक शहरातून गावी परततो, आणि आम्ही सगळे परतणे नाकारण्याच्या जिद्दीने ती वाचत होतो. वाङ्मयाचे विद्यार्थी पुस्तके कशी वाचतात याचा हा एक मासला म्हणून नोंदवून ठेवावा.

माझा विषय होता झाडीपट्टीतली रोवण्याची गाणी. विषय मला माझ्या आईने दिला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. गुडघाभर चिखलात वाकून, पऱ्ह्यांची जुडी डाव्या हातात धरून, उजव्या हाताने रोवत मागे मागे सरकणाऱ्या बायांच्या ओळीत ती होती. गाण्याची चाल आणि हाताची चाल एकच असते. गाणे थांबले की ओळ वाकडी होते. ही गोष्ट मला लहानपणापासून माहीत होती आणि ग्रंथालयातल्या कुठल्याही पुस्तकात ती नव्हती. 1991 ते 1995 अशी पाच वर्षे मी जुलै-ऑगस्टमध्ये गावी येई, बांध्यांच्या धुऱ्यावर बसून गाणी उतरवून घेई, आणि हिवाळ्यात त्यांच्या रचनेवर, लयीवर, त्यांत येणाऱ्या माहेर-सासरच्या गावांवर लिहीत असे. एका प्रकरणाचा दीडशे पानी मसुदा मी माझ्या मार्गदर्शकांकडे दिला. त्यांनी तो ठेवून घेतला.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण ते मी वीस वर्षे फार सविस्तर सांगितले आहे. 1997 साली त्यांचे पुस्तक आले. त्याचे तिसरे प्रकरण माझे होते. वाक्ये त्यांची, पण उदाहरणे, गाण्यांचा क्रम, हात आणि लय यांच्या नात्याचा मुद्दा माझा. ऋणनिर्देशात 'क्षेत्रीय साहित्य गोळा करण्यास साह्य करणाऱ्या विद्यार्थ्यांचे' आभार होते. मी भांडलो नाही. भांडण्याचे धैर्य नव्हते, आणि त्याला मी तेव्हा सभ्यता असे नाव दिले. प्रबंध कसाबसा पुरा केला आणि 1998 च्या पावसाळ्यात महाविद्यालयात नोकरी धरून परत आलो. तेव्हापासून मी अध्यापनाव्यतिरिक्त फारसे काही लिहिले नाही. ज्यांना कारण हवे होते त्यांना कारण सांगितले.

अन्याय झालेला असणे ही एक बसायची जागा असते. ती उबदार असते. तिच्यावर बसले की न लिहिलेल्या पुस्तकांचा हिशेब द्यावा लागत नाही.

*

आमच्या घरी त्या वर्षांत जो भात शिजत असे तो एचएमटीचा. बारीक दाणा, चवीला गोड, बाजारात भाव बरा. बाबांनी 1990 नंतर कधीतरी जुने वाण सोडून तो लावायला सुरुवात केली होती. मला वाटे, कुठल्यातरी कंपनीचे किंवा विद्यापीठाचे बियाणे असेल. नाव घड्याळाचे, त्या काळी ज्याच्या मनगटावर एचएमटी तो मोठा माणूस. हा धान सिंदेवाहीपासून फार दूर नसलेल्या एका खेड्यातल्या तिसरी शिकलेल्या शेतकऱ्याने काढला आहे, हे मला वयाच्या चाळिशीला टेकेपर्यंत माहीत नव्हते. लोकसाहित्याचा अभ्यासक म्हणवून घेणाऱ्याने ही कबुली द्यायला हवी.

नागभीड तालुक्यातले नांदेड. मराठवाड्यातल्या त्या प्रसिद्ध शहराशी या गावाचा काही संबंध नाही. तिथले दादाजी रामाजी खोब्रागडे. दलित समाजातला अल्पभूधारक माणूस, दीडेक एकर जमीन. 1983 साली पटेल-3 या जबलपूरकडच्या वाणाच्या शेतात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. रंग पिवळसर, दाणा निराळा. त्यांनी त्या वेगळ्या काढून जपून ठेवल्या. पुढच्या हंगामात ते मूठभर बी शेताच्या मधोमध टोचले आणि रानडुकरांनी खाऊ नये म्हणून भोवती काटेरी कुंपण घातले. मग दरवर्षी निवड, पुन्हा पेरणी, पुन्हा निवड. पाच-सहा वर्षांत वाण स्थिर झाला. एका मोठ्या शेतकऱ्याने बियाणे नेऊन चार एकरांत लावले, पीक तळोधीच्या बाजारात गेले, आणि नाव काय म्हणून विचारल्यावर नाव नव्हते. तेव्हा व्यापाऱ्याने चालत्या घड्याळाचे नाव ठेवून दिले असे सांगतात. काढणाऱ्याचे नाव गोणीवर कुठेच नव्हते. वाण विदर्भ ओलांडून छत्तीसगड, मध्य प्रदेश, आंध्रापर्यंत गेला.

1994 साली कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील केंद्राकडून प्रयोगासाठी म्हणून पाच किलो बियाणे नेले गेले आणि 1998 साली 'पीकेव्ही एचएमटी' या नावाने वाण प्रसारित झाला, त्यात आपले नाव नाही, ही दादाजींची तक्रार पुढे देशभर गाजली. 1998! मी ज्या पावसाळ्यात खांद्यावर माझा अन्याय घेऊन सिंदेवाही स्टेशनावर उतरलो, त्याच वर्षी, त्याच गावाच्या नावाशी जोडलेली ही दुसरी कहाणी आकार घेत होती आणि मला तिचा पत्ता नव्हता. न्यायाने एक गोष्ट म्हटली पाहिजे. शेतकऱ्याच्या बियाण्यातली भेसळ काढून शुद्ध वाण तयार करणे हेही शास्त्राचे काम आहे, ते आपोआप होत नाही. प्रश्न श्रेयाचा होता, आणि श्रेय द्यायला शास्त्र आडवे येत नाही. शेतकऱ्यालाही वाणाचा पैदासकार म्हणून मान्यता देणारा केंद्राचा कायदा झाला तो 2001 साली, म्हणजे सगळे होऊन गेल्यावर.

नंतर मानसन्मान आले. 2005 च्या जानेवारीत राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार, राज्य सरकारचा कृषिभूषण, 2010 साली 'फोर्ब्स'च्या ग्रामीण उद्योजकांच्या यादीत नाव. राज्य सरकारचे सुवर्णपदक गरजेपायी मोडायला काढले तेव्हा त्यातले सोने हिणकस निघाले. मुलाच्या आजारपणात जमीन गेली होती. नातलगाने दिलेल्या तुकड्यावर प्रयोग चालू राहिले. 3 जून 2018 रोजी, पक्षाघाताच्या आजारानंतर, गडचिरोलीजवळच्या शोधग्रामच्या दवाखान्यात त्यांचे निधन झाले.

मी त्यांना भेटलो नाही. मोटरसायकलने पाऊण तासाचा रस्ता. तेरा वर्षे मला त्यांचे नाव माहीत होते, तेरा वर्षे मी 'एकदा जाऊन येऊ' म्हणत राहिलो. त्या काळात मी चर्चासत्रांसाठी औरंगाबादला, कोल्हापूरला, एकदा दिल्लीलाही जाऊन आलो.

*

त्यांच्या निधनानंतर जे लेख आले ते मी कापून ठेवले आहेत. बहुतेकांचा सूर एकच: निरपेक्ष, निःस्वार्थी, मातीशी एकरूप, फकिरी वृत्तीचा माणूस. मला हा सूर आरंभी फार आवडला. वर्गात एकदा तो मी तसाच्या तसा वापरलादेखील. महत्त्वाकांक्षेविरुद्ध सार्थकता, शहराविरुद्ध माती, असा एक ठाशीव पट मांडला. मुले गंभीर झाली. सातव्या वेतन आयोगाचा पगार घेणाऱ्याने दीड एकरवाल्याच्या निःस्वार्थतेचे कौतुक करणे किती सोपे असते हे त्या वेळी कोणी म्हणाले नाही.

हेच आपण 'संघर्ष' या शब्दाचे केले आहे. प्रत्येक सत्कारात तो शब्द येतो; प्राध्यापकाने बढतीसाठी दिलेल्या लढ्यालाही संघर्ष म्हणतात. 2025 च्या मे महिन्यात आमच्या तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी तो शब्द उच्चारायची मला लाज वाटली. असो, हा मुद्दा वेगळा.

मग एके दिवशी दादाजींच्या वाणांची यादी नीट वाचली. एचएमटीनंतर त्यांनी काढलेले वाण: नांदेड-92, नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपक रत्न, डीआरके, डीआरके-2, काटे एचएमटी... यादी एकाच ठिकाणी तशीच मिळत नाही, पण एक गोष्ट डोळ्यांत भरते. पहिल्या वाणाला व्यापाऱ्याने घड्याळाचे नाव दिले. पुढच्या वाणांवर गावाचे नाव आहे. आणि मग डीआरके: दादाजी रामाजी खोब्रागडे. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे.

या माणसाला नाव हवे होते! मला त्या तीन अक्षरांनी जेवढे हलवले तेवढे कुठल्याही मृत्युलेखाने हलवले नाही. आपले काम आपल्या नावाने ओळखले जावे ही इच्छा त्यांना होती, ती इच्छा डावलली गेल्याचा राग होता, त्याविषयी ते विचारणाऱ्याला सांगत. निरपेक्षतेची शाल त्यांच्यावर आपण पांघरली, कारण ती पांघरली की आपल्याला देणे लागत नाही. आणि तरीही हा राग घेऊन ते बसून राहिले नाहीत. पुढच्या रोवण्याला पुन्हा बांधीत उतरले, पुन्हा लोंब्या पाहत फिरले. राग आणि काम ही दोन्ही एकाच शरीरात, एकमेकांना न संपवता, तीन दशके राहिली. हे कसे साधते ते मला कळत नाही. मला यातले फक्त पहिले साधले होते.

*

गेल्या वर्षी एका प्रकाशकाचे पत्र आले. माझे मार्गदर्शक निवर्तले त्याला काही वर्षे झाली होती. त्यांच्या त्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची आहे, आपण त्यांचे जुने विद्यार्थी, झाडीपट्टीतले, तरी प्रस्तावना लिहावी. पत्र मी तीन वेळा वाचले. अठ्ठावीस वर्षे ज्या क्षणाची वाट पाहिली तो टपालाने घरी आला होता.

मी लिहायला बसलो आणि कित्येक वर्षांनी हात भरभर चालला. तिसऱ्या प्रकरणाची खरी हकीकत, तारखांसह. सुरुवात दादाजींच्या पाच किलो बियाण्यांपासून केली होती. उपमा माझ्या दृष्टीने चोख होती: बी एकाचे, नाव दुसऱ्याचे. ते दादाजी, मी दादाजी. पुरावा जोडायला हवा म्हणून माळ्यावरची पेटी काढली. तीच, छोट्या गाडीतून माझ्याबरोबर आलेली. आत कार्डे होती. एकशे त्रेचाळीस गाणी, एका कार्डावर एक. वर गाण्याचा पहिला चरण, खाली गाव, तारीख, आणि शेवटच्या ओळीत 'माहितीदार'.

पहिल्या कार्डावर माहितीदार म्हणून एका पोलीस पाटलाचे नाव होते. दुसऱ्यावर शाळेच्या मास्तरांचे. तिसऱ्यावर: 'एक वृद्ध स्त्री.' चौथ्यावर: 'रोवणाऱ्या स्त्रिया.' मी उभ्यानेच कार्डे चाळत गेलो. एकशे त्रेचाळीसपैकी सतरांवर नावे होती आणि ती सतराही पुरुषांची; ज्यांनी मला बायांपर्यंत नेले, धुऱ्यावर बसायला घोंगडे दिले, चहा पाजला त्यांची. गाणाऱ्या एकीचेही नाव मी विचारले नव्हते. त्यातली अकरा गाणी माझ्या आईची होती. त्या कार्डांवर लिहिले होते: 'स्थानिक स्त्री, वय अंदाजे पन्नास.'

ते वाचून मी खाली बसलो. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे शास्त्रशुद्ध काम होते ते. आमच्या मार्गदर्शकांनी शाबासकी दिली होती. लोकगीत समूहाचे, त्याला कर्ता नसतो, असे आम्ही शिकलो होतो आणि पुढे पंचवीस वर्षे मी तसेच शिकवले. पण माझ्या आईला मी ओळखत होतो. कोणते गाणे तिने तिच्या माहेराहून आणले आणि कोणत्याला दोन ओळी स्वतः जोडल्या हे मला ठाऊक होते, त्यावरच तर माझा मुद्दा उभा होता. दादाजींच्या कहाणीत मी स्वतःसाठी जी जागा राखून ठेवली होती ती माझी नव्हती. पाच किलोंची पिशवी घेऊन परत जाणाऱ्याची जागा माझी होती.

प्रस्तावनेचा मसुदा फाडला असे लिहिले तर ते नाट्यमय होईल आणि खोटेही. तो अजून टेबलाच्या खणात आहे. त्यातली माहिती खरी आहे आणि मार्गदर्शकांनी केले ते चूकच होते. मला त्यांना क्षमा वगैरे करायची नाही. फक्त त्या दिवसानंतर त्या मसुद्यापेक्षा निकडीचे काम समोर दिसू लागले.

ज्याने तो प्रश्न विचारला होता त्या मुलाला बोलावले. त्याचे गाव त्याच पट्ट्यातले. हिवाळ्यात, धान चुरून झाल्यावर, रविवारी आम्ही दोघे त्याच्या मोटरसायकलवर निघू लागलो. कार्डावरचे गाव आणि साल घेऊन घरोघर विचारायचे: त्या वर्षी अमक्याच्या बांधीत रोवणाऱ्यांत कोण कोण होते? तीस-बत्तीस वर्षांपूर्वीचे चेहरे. बहुतेक जणी गेल्या आहेत. कुठे सून सांगते, कुठे नातू आधार कार्डाची प्रत काढून दाखवतो. एका घरी म्हातारीने मलाच ओळखले. "तू तं लिवत बसत होतास आनि आमी चिखलात," म्हणाली, आणि चहाला बसवून घेतले. तिला तिचे गाणे वाचून दाखवले तर तिने दोन ठिकाणी चूक काढली. माझ्या प्रबंधाचे एवढे काटेकोर परीक्षण बाह्य परीक्षकांनीही केले नव्हते.

मार्चपर्यंत एकसष्ट कार्डांवर नावे आली. मुलगा ती वहीत सुवाच्य अक्षरात उतरवतो, आणि मध्येच मला विचारतो, की सर, याचे पुस्तक झाले तर त्यावर माझे नाव येणार का? मी त्याला मुखपृष्ठ दाखवीन तेव्हाच बोलू म्हणालो; पण घरी येऊन पहिल्या पानावर दोघांची नावे लिहून ठेवली, त्याचे आधी. प्रकाशकाला कळवले आहे की प्रस्तावना देतो, पण तिच्यात तिसऱ्या प्रकरणातल्या गाण्यांच्या गायिकांची यादी असेल आणि ते साहित्य कसे जमले त्याची साधी हकीकत असेल; दोन्ही छापायची तयारी असेल तरच. उत्तर आलेले नाही.

उरलेल्या कार्डांसाठी मी आईजवळ बसतो. तिला आता नीट दिसत नाही, पण चरण वाचला की ती पुढचे म्हणते आणि कोणाच्या तोंडचा तो हेही सांगते. मागच्या आठवड्यात एक गाणे निघाले. माझ्या मते संग्रहातले सर्वांत चांगले, मार्गदर्शकांनीही ज्याच्यावर चार पाने लिहिली ते.

"हे मोहाळीवालीचं," माय म्हणाली. "तिच्यासारखी म्हननारी कोनी नोहती."

तिचे नाव काय, विचारले. सगळे मोहाळीवालीच म्हणत. नवऱ्याचे नाव तिला आठवले, दिराचे आठवले, तिच्या गाईचेही आठवले. मी कार्ड हातात धरून थांबलो होतो.

"नाव कोनी घेतलं असतं," ती म्हणाली, "तं मालूम नसतं रायलं का, बापू?"